थंडीत निवडुंग कसे सांभाळायचे? (कोल्हापूर आणि आसपास)

गच्ची_राजारामपुरी
मंडळी, गच्चीवर निवडुंगाच्या शंभरेक कुंड्या आहेत. जिम्नो (जिम्नोकॅलिसियम), मॅमिलेरिया, ॲस्ट्रोफायटम, गोल्डन बॅरल, दोन मेलोकॅक्टस, लाल-पिवळ्या डोक्याचे कलमी आणि शेजारी थोडे ॲडेनियम. गच्चीवरचा थर्मामीटर पहाटे ११ दाखवतोय. परदेशी व्हिडिओ बघितले तर एकच सांगतात: ऑक्टोबर ते मार्च पाणी पूर्ण बंद, प्लास्टिकनं झाका, हीटर लावा. यातलं आपल्याकडे किती लागू पडतं? आणि पाणी नेमकं किती द्यायचं?

जांभा_खडी
आधी एक गोष्ट पक्की करा. कोल्हापूर शहरात निवडुंग गारठून मरत नाही, थंडीत ओला राहून कुजतो. या दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून हा फरक समजायला हवा.

पेशींच्या मधल्या पाण्याचा बर्फ झाला की तो पेशीतलं पाणी बाहेर ओढतो. पेशी आकसते, तिचं आवरण फाटतं आणि ऊन लागल्यावर तो भाग उकडलेल्या बटाट्यासारखा मऊ पडतो. पण त्यासाठी झाडाचं अंग शून्याच्या खाली जायला लागतं. आपल्याकडे जानेवारीतली रात्र साधारण १४-१५ अंशांची. लाट आली तर १०-११. तुमच्या यादीतले बहुतेक निवडुंग माती कोरडी असेल तर ५ अंशांपर्यंत निर्धास्त राहतात.

मग धोका कुठं? माती गार झाली की मुळांचं काम मंदावतं, पाणी ओढलं जात नाही. उन्हाळ्यात दोन दिवसांत वाळणारी कुंडी डिसेंबरात आठ-दहा दिवस ओली राहते. पिथियम, फ्युझेरियमसारख्या बुरशीला तेवढा वेळ पुरतो. झाड वरून हिरवंगार दिसतं आणि बुडातून गेलेलं असतं.

युरोपातले लोक पाणी पूर्ण बंद करतात, कारण तिथं हिवाळ्यात दिवसाही ८-१० अंश आणि ऊन जेमतेम काही तास. आपल्याकडे दुपारी २९-३० अंश आणि लख्ख ऊन. सहा महिने पाणी तोडलं तर बारकी रोपं आणि तंतूमुळं वाळून जातात. मार्चमध्ये पाणी दिलं की ते ओढायला मूळच शिल्लक नसतं, झाड तेव्हा कुजतं आणि दोष उन्हाळ्यावर जातो. ते व्हिडिओ चुकीचे नाहीत, ते दुसऱ्या हवेसाठी आहेत.

पंचगंगाकाठ
खडी दादांच्या मुद्द्याला एक जोड. पेपरात येणारा किमान पारा हा जमिनीपासून चार फुटांवर, सावलीच्या लाकडी पेटीत मोजलेला असतो. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री उघड्यावरची कुंडी आकाशाकडे उष्णता फेकत राहते, ती त्या आकड्यापेक्षा ३-४ अंशांनी सहज खाली जाते. पेपरात ११ असेल तर उघड्या कठड्यावरचं झाड ७-८ अंशांवर असू शकतं. म्हणून थर्मामीटर कुंडीच्या उंचीला ठेवा आणि सूर्य उगवायच्या सुमारास वाचा, तेव्हाच पारा सगळ्यात खाली असतो. किमान-कमाल दोन्ही नोंदवणारा मिळाला तर पहाटे उठायचीही गरज नाही.

ढगाळ रात्र मात्र उबदार जाते. झाड आणि आकाश यांच्यामध्ये काहीही आडवं आलं तरी बराच फरक पडतो, मग ते शेडनेट असो, आंब्याची फांदी असो की सज्जा. हे फुकटचं संरक्षण आहे.

दुसरं, शांत रात्री थंड हवा उताराने खाली वाहते आणि खोलगट जागी साठते. नदीकाठची मळी, शिरोळकडचा सखल भाग, चिखलीकडची शेतं इथं धुकं आणि गारठा जास्त. वर उतारावर घर असलेल्यांना कमी. एकाच दिवशी दोन ठिकाणी वेगळं वागावं लागतं.

गच्ची_राजारामपुरी
मग प्लास्टिक झाकू का नको? आणि पाण्याचा आकडा सांगा की कुणीतरी.

मृण्मयी_रोपवाटिका
पाण्याचं मी सांगते. माती किमान ६० टक्के खडीची आहे असं धरून.

त्रिपुरी पौर्णिमेपासून पाणी उतरवायला लागायचं. नोव्हेंबरात १२-१५ दिवसांतून एकदा. डिसेंबर-जानेवारीत ४ इंची कुंडीला तीन ते चार आठवड्यांतून ५०-६० मिली, बस्स. भर उन्हाळ्यात याच कुंडीला आपण १५० मिली देतो, म्हणजे तिसरा हिस्सा. ८ इंचांच्या पुढची कुंडी आणि जुनी, गलेलठ्ठ झाडं यांना पूर्ण डिसेंबर काहीही नाही दिलं तरी चालतं. अंग किंचित आकसतं, कडा उठून दिसतात, ते चांगलं लक्षण आहे. रस घट्ट झाला की झाड गारठा जास्त सोसतं. दीड-दोन वर्षांच्या आतली रोपं मात्र दर दहा दिवसांनी ओलावावीत.

वेळ ११ ते १ मधली. गच्चीच्या टाकीतलं सकाळचं पाणी गारढोण असतं, बादली भरून दोन तास उन्हात ठेवा. पाणी कडेने मातीत सोडा, डोक्यावर नको. काटेदाट मॅमिलेरियाच्या खोबणीत साचलेलं पाणी संध्याकाळपर्यंत वाळलं नाही तर तिथंच काळा डाग पडतो.

अंदाज येत नसेल तर बांबूची काडी बुडापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढा. काडीला ओल किंवा माती चिकटली तर पाणी नाही. थंडीची लाट येणार असं हवामान खात्याने सांगितलं की आधीचे पाच दिवस पाणी बंद.

खत दसऱ्यानंतर नाहीच. युरिया किंवा नायट्रोजन जास्त असलेलं कुठलंही खत दिवाळीच्या आसपास पडलं तर झाड मऊ, पाणीदार वाढतं आणि तोच कोवळा शेंडा थंडीत पहिल्यांदा जातो. शेवटची मात्रा द्यायचीच असेल तर सप्टेंबर अखेरीला ०:०:५० (नुसतं पालाश असलेलं विद्राव्य खत) लिटरला १ ग्रॅम.

काटा_कागल
ताई, कुंडी कुठली धरली आहे? मातीच्या कुंडीत लवकर वाळतं म्हणून हिवाळ्यात मातीचीच चांगली, असं आपण सगळे सांगत आलोय.

जांभा_खडी
इथं मी थोडं वेगळं सांगेन. मातीची कुंडी म्हणजे माठ. तिच्या अंगातून पाणी उडतं आणि उडताना आतला भाग गार करतं. उन्हाळ्यात हा गुण, डिसेंबरात अवगुण. ओली मातीची कुंडी रात्री हवेपेक्षा गार राहते. कोरडी असेल तर काही बिघडत नाही. काळ्या प्लास्टिकची कुंडी दुपारी तापते, मूळ कामाला लागतं, पण पाणी जास्त पडलं तर ती दोन आठवडे धरून ठेवते. म्हणून मातीच्या कुंडीत पाणी दिलं तर लख्ख उन्हाच्या दिवशीच, आणि प्लास्टिकच्या कुंडीत मोजून. कुंडी बदलायच्या भानगडीत आता पडू नका. या दिवसांत तुटलेलं मूळ भरून यायला फार वेळ लागतो.

मिश्रणाचं म्हणाल तर आपल्याकडची सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे जांभा. पन्हाळा-गगनबावड्याच्या बाजूचा जांभा फोडून ३ ते ६ मिमीची खडी चाळून घ्या, धूळ पूर्ण धुऊन काढा. त्याचे पाच भाग, जाड वाळू दोन, चुरलेला लोणारी कोळसा एक, दोन वर्षं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत दोन. कोकोपीट टाळा. ते एकदा थंडीत भिजलं की स्पंजसारखं बसतं. काळी माती चमचाभरही नको, ती वाळताना आवळते आणि मुळं तोडते.

पंचगंगाकाठ
प्लास्टिकबद्दल. थेट झाडावर पॉलिथीन टाकू नका. रात्री आतून पाणी सुटतं, थेंब झाडावर पडतात आणि जिथं कागद टेकतो तिथं उष्णताही निसटते. शिवाय सकाळी ९ पर्यंत काढायचं राहिलं तर आत ४० अंश होतात.

शेतकरी कलिंगड-मिरचीवर घालतात ते पांढरं क्रॉप कव्हर आणा, १७ ते २० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं). कृषी सेवा केंद्रात मिळतं. त्यातून हवा आणि ओल जाते. ६ मिमी सळईच्या कमानी दर चार फुटांवर, कापड झाडाला न टेकता वर. संध्याकाळी साडेपाच-सहाला घाला, सकाळी साडेआठला काढा. शहरात हे वर्षातून जास्तीत जास्त दहा-बारा रात्री लागेल. रोज झाकून ठेवायचं नाही, कारण पुढं सांगतो.

रिबुशिया, लोबिव्हिया हे बोलिव्हिया-अर्जेंटिनाच्या अँडीज डोंगरातले. कोरडे असतील तर शून्याखालीही काही अंश सोसतात, आणि फुलायला त्यांना गार, कोरडी विश्रांती लागतेच. बऱ्याच मॅमिलेरिया आणि जिम्नोचंही तेच. कोल्हापूरच्या सहा आठवड्यांच्या गारठ्यात त्यांच्या कळ्या ठरतात. लाडाने उबेत ठेवलेली झाडं मार्चमध्ये नुसती हिरवी राहतात. त्यांना उघड्यावरच ठेवा, फक्त वर पावसापासून आडोसा असू द्या.

मृण्मयी_रोपवाटिका
खरी काळजी घ्यायची ती वेगळ्या झाडांची. मेलोकॅक्टस, डिस्कोकॅक्टस, युबेलमानिया. ब्राझील आणि कॅरिबियनच्या उष्ण भागातली ही मंडळी १२-१३ च्या खाली कुरकुरतात. आणि मेलोला इतर निवडुंगांसारखं ठणठणीत कोरडं ठेवलं तर त्याची मुळं मरतात. त्याला दर दहा-बारा दिवसांनी ३०-४० मिली कोमट पाणी आणि रात्री घरात. रात्री ८ ते सकाळी ८ खिडकीच्या आत आणला की पुरे.

लाल-पिवळ्या डोक्याचे कलमी म्हणजे वर जिम्नोकॅलिसियमची हरितद्रव्य नसलेली गाठ आणि खाली ड्रॅगनफ्रूटच्या कुळातली तीनधारी दांडी. वरचा भाग थंडी सोसतो, दांडी सोसत नाही. १० च्या आसपास आणि ओल असेल तर दांडी बुडाशी पिवळी, मग तपकिरी होते. म्हणून काळजी दांडीच्या हिशोबाने घ्यायची. मिर्टिलोकॅक्टसवरचे कलमही असेच नाजूक. ट्रायकोसेरियस किंवा एकिनोप्सिसवर बांधलेलं असेल तर चिंता नको. नवीन कलम आत्ता बांधू नका, शिवरात्र होऊ द्या.

ॲडेनियम निवडुंग नव्हे, पण विचारलंय म्हणून: पानं गळायला लागली की पाणी बंद. पानं नसलेल्या ॲडेनियमला पाणी म्हणजे बुडाशी सड. खोड दाबून बघा, टणक असेल तर तसंच राहू द्या.

गच्ची_राजारामपुरी
कळलं. कलमी आणि मेलो आत नेतो. एक शंका: निफाडकडचे द्राक्षवाले थंडीत पहाटे ठिबक सोडतात, शेकोट्या पेटवतात. आपण कुंड्यांत थोडं पाणी सोडलं तर माती गरम राहील का?

जांभा_खडी
नाही, आणि हे कारणासकट समजून घ्या. ओली जमीन दिवसा जास्त खोलवर उष्णता साठवते आणि रात्री ती वर सोडते, विहिरीचं पाणीही हवेपेक्षा उबदार असतं. म्हणून द्राक्षबागेत ते चालतं. तिथं जमीन अखंड आहे, मूळ खोल आहे. तुमची कुंडी चारी बाजूंनी हवेत उघडी, आत अर्धा लिटर माती. ती रात्रीत हवेएवढीच गार होणार, वर ओल राहणार.

पाण्याची उष्णता वापरायची असेल तर कुंडीबाहेर ठेवा. २० लिटरचा पाण्याचा कॅन काळा रंगवून दिवसभर उन्हात ठेवला आणि रात्री तो १० अंशांनी निवला, तर सुमारे ८४० किलोज्यूल उष्णता सोडतो. दहा तासांत वाटली तर २३ वॅटच्या बल्बएवढी. क्रॉप कव्हरच्या चार फुटी बोगद्यात असे दोन कॅन ठेवले की मेलोसुद्धा बाहेर राहू शकतो. विजेचा खर्च नाही, आग नाही.

बल्ब लावणारच असाल तर कोंबडीच्या ब्रूडरसारखा जुना ४०-६० वॅटचा तारेचा बल्ब, झाडापासून किमान दीड फूट. एलईडी उजेड देतो, ऊब नाही. गच्चीवर दव पडतं, तेव्हा होल्डर पाणी न शिरणारा आणि लाइनला ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.

पाचगणी_उतार
आमच्याकडे महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवाचे थेंब गोठतात, पांढरा थर दिसतो. अशा ठिकाणी काय?

पंचगंगाकाठ
तिथं नियम बदलतात. कापड नुसतं वर नको, चारी बाजूंनी जमिनीपर्यंत यायला हवं आणि कडेला विटा, म्हणजे जमिनीतली ऊब आत अडकते. २० जीएसएमचे दोन थर, मध्ये दोन बोटं हवा. मोठ्या उभ्या झाडांना सगळं अंग झाकता आलं नाही तर निदान शेंड्यावर थर्मोकोलचा कप उपडा घाला. वाढीचा बिंदू शेंड्यात असतो, तो वाचला तर झाड वाचतं. कुंड्या कट्ट्यावरून खाली जमिनीवर घ्या आणि एकमेकींना चिकटवून ठेवा. नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी पूर्ण बंद, इथं मात्र परदेशी सल्ला लागू पडतो.

आणि झाडावर दव गोठलंच तर सकाळी झटकू नका, गरम पाणी ओतू नका. झाडावरचा बर्फ सावलीत हळूहळू वितळू द्या. गोठलेल्या अंगावर एकदम ऊन पडलं तर नुकसान वाढतं.

काटा_कागल
गच्चीवर कुंड्या कुठं ठेवायच्या यावर कुणी बोललं नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो. २१-२२ डिसेंबरला कोल्हापुरात भर दुपारी तो क्षितिजापासून फक्त ५० अंशांवर असतो. गच्चीचा दक्षिणेचा कठडा तीन फुटी असेल तर दुपारी बारालाही त्याची अडीच फूट सावली आत पडते. पावसाळ्यात उन्हात असलेल्या कुंड्या हिवाळ्यात दिवसभर सावलीत आणि ओल्या, हे असं होतं. दक्षिण कठड्यालगतची रांग उचला आणि उत्तरेच्या भिंतीपाशी, दक्षिणेकडे तोंड करून ठेवा. भिंत दिवसभर तापते आणि रात्री ऊब सोडते. सकाळचं ऊन लवकर मिळेल अशी जागा असेल तर दव आठपर्यंत वाळतं, ते जास्त मोलाचं.

पत्र्याखाली ठेवत असाल तर एक खोड लक्षात घ्या. पत्रा रात्री गार पडतो, त्याच्या खालच्या अंगाला दव धरतं आणि पहाटे थेंब-थेंब कुंडीत गळतं. एकाच रांगेतली झाडं कुजत असतील तर वर पत्र्याचा पन्हळ बघा. पत्र्याखाली फूटभर अंतरावर ५० टक्के शेडनेट उताराने बांधली की थेंब कडेला जातात.

मृण्मयी_रोपवाटिका
अवकाळी पावसाचं सांगायचं राहिलं. आपल्याकडे सर्वांत जास्त झाडं त्यात जातात. दोन दिवस ढग आणि पाऊस, रात्री उबदार. मग आभाळ एकदम मोकळं होतं आणि पारा उतरतो. कुंड्या भिजलेल्या असतानाच गारठा येतो. तेव्हा पाऊस थांबल्या थांबल्या कुंड्या तिरक्या करून ठेवा, साचलेलं निथळू द्या, वरची खडी बाजूला सारून टेबलफॅनचा वारा दिवसभर द्या. दुसऱ्या दिवशी मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम, नुसतं अंगावर आणि बुडाशी फवारायचं, मातीत ओतायचं नाही. हातमोजे आणि मास्क घालून.

डाग दिसला तर घाबरून लगेच कापू नका. कोरडा, खरखरीत, बुचासारखा तपकिरी डाग म्हणजे जुना ओरखडा, तो वाढत नाही. काचेसारखा पारदर्शक, ओलसर, बोट दाबलं की आत जाणारा डाग म्हणजे सड. मग स्पिरिटने पुसलेलं पातं घ्या आणि बुडाकडून चकत्या काढत वर जा. प्रत्येक चकतीआधी पातं परत पुसा. मध्यभागी वाहिन्यांचं कडं दिसतं, त्यात नारिंगी-तपकिरी एकही ठिपका उरला तर अजून वर जावं लागतं. स्वच्छ भाग लागला की गंधकाची पूड लावून सावलीत, हवेशीर जागी उलटा ठेवा. उन्हाळ्यात आठ दिवसांत सुकणारा काप थंडीत तीन आठवडे घेतो. घाई करून मातीत लावला की परत पहिल्यापासून.

जांभा_खडी
ऊसतोडीच्या दिवसांत आणखी एक त्रास असतो. पाचट जाळल्याची आणि साखर कारखान्यांच्या धुराड्यांची काळी राख गच्चीवर पडते, दवात कालवून काट्यांत बसते. शेडनेट आणि प्लास्टिकचं छप्पर तर महिन्यात काळवंडतं आणि खाली ऊन निम्मं होतं. छप्पर आठवड्याला पुसा. झाडावरची राख कोरड्या मऊ ब्रशने झाडा, पाण्याने धुवायला जाऊ नका.

याच कोरड्या हवेत लाल कोळी (रस शोषणारी बारीक कीड) वाढतो. शेंड्यापासून राखाडी-तपकिरी, गंजल्यासारखा थर पसरला तर भिंगातून बघा. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी, आठ दिवसांनी परत. निंबोळी तेल मारलं असेल तर मध्ये तीन आठवड्यांचं अंतर हवं, नाहीतर अंग भाजतं.

गच्ची_राजारामपुरी
कालिंपाँगच्या एका रोपवाटिकेतून मागवलेली झाडं पुढच्या आठवड्यात येतायत, मुळं उघडी करून कागदात गुंडाळलेली. आत्ता लावू का?

मृण्मयी_रोपवाटिका
कागद काढा, मुळांत पांढरा कापूस दिसतोय का बघा, तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण. असेल तर इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्केचं, लिटरला अर्धा मिली, त्यात दहा मिनिटं मुळं बुडवून चार दिवस सावलीत वाळवा. नसेल तरी तीन दिवस नुसतं वाळू द्या. मग कोरड्या मिश्रणात लावा आणि संक्रांतीपर्यंत थेंबभरही पाणी नको. कुंडी झाडापेक्षा दोन्ही बाजूंनी एकेक बोटच मोठी घ्या.

काटा_कागल
संक्रांतीनंतरही एकदम सुटू नका. पहिलं पाणी ३० मिली, आठ दिवस थांबून शेंड्यात नवा हिरवा काटा दिसला तरच पुढचं. घरात ठेवलेले मेलो-कलमी फेब्रुवारीत थेट उन्हात काढले तर दक्षिण-पश्चिम अंगाला पांढरट-पिवळा चट्टा पडतो, तो आयुष्यभर जात नाही. पहिले दहा दिवस ५० टक्के नेटखाली, मग रोज सकाळचे दोन तास उघडे, मार्चमध्येही दुपारी नेट हवीच. कुंडीच्या कडेला खडूने दक्षिणेची खूण करा आणि परत ठेवताना तेच तोंड त्याच दिशेला येऊ द्या.